सायकलिंग जर्सीचा छोटा धंदा: डिझाइन कराच, पण आधी साइझची यादी सांभाळा

आमची पहिली ऑर्डर बेचाळीस जर्सींची होती. डिझाइन झकास झालं होतं, रंगही मनासारखे आले होते. तरी त्या ऑर्डरमधून हाती काही उरलं नाही, कारण अकरा जणांना जर्सी बसेना. साइझ आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गोळा केल्या होत्या. 'माझी एल', 'आधी एम म्हटलं होतं, आता एल करा', 'भाऊ, माझी गेल्या वेळचीच'. गेल्या वेळच्या जर्सी दुसऱ्याच कोणी करून दिल्या होत्या, हे आमच्या लक्षात आलं तेव्हा कापड कापून झालं होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की या धंद्यात चित्रकलेपेक्षा कारकुनी जास्त आहे. ज्यांना दोन्ही जमतं त्यांनी जरूर उतरावं. भांडवल थोडं लागतं, स्वतःचं मशीन लागत नाही.

गिऱ्हाईक कोण

एकेकट्या सायकलस्वारामागे धावू नका. सुरुवातीला ऑर्डर येते ती गटाची. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, ठाणे, कुठेही पहाटे साडेपाचला चौकात जमणारे दहा-पंधरा सायकलवाले असतात आणि वर्षभरात कोणीतरी म्हणतंच, 'आपली जर्सी हवी राव.' दुसरा गट आषाढीच्या आधी निघणाऱ्या पंढरपूर सायकलवारीचा. तिसरा बीआरएम करणाऱ्यांचा. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या राइड: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. इतका वेळ जी जर्सी अंगावर राहते तिची शिवण काखेत टोचली तर तो माणूस तुम्हाला आयुष्यभर विसरत नाही. चौथा गट कंपन्या आणि हाउसिंग सोसायट्यांचा. ते पैसे वेळेवर देतात, पण मंजुरी सात जणांकडून येते.

पहिली ऑर्डर आपण ज्यांच्याबरोबर सायकल चालवतो त्यांचीच घ्या. चूक झाली तर शिव्या मिळतील, पण दुसरी संधीही मिळेल.

कापडाबद्दल जेवढं कळायला हवं तेवढं

जर्सीचं कापड पॉलिएस्टरचं आणि निटेड असतं, म्हणजे गुंफलेलं, होजिअरीसारखं. इचलकरंजीच्या मागावर निघतं ते विणलेलं कापड, ते इथे कामाचं नाही. घाऊक बाजारात 'डॉट निट', 'राइस निट' अशी नावं ऐकू येतील. गल्लीतल्या क्रिकेट टूर्नामेंटच्या टीशर्टना ही कापडं ठीक आहेत, पण ती अंगासरशी बसत नाहीत, ओली झाली की लोंबतात आणि मागच्या खिशात दोन केळी आणि पंप टाकला की जर्सी मांडीपर्यंत उतरते. सायकलिंगसाठी थोडं लायक्रा (रबरासारखा ताणणारा धागा) असलेलं, चारी बाजूंनी ताणलं जाणारं कापड मागा. वजन १३० ते १५० जीएसएमच्या (चौरस मीटरला तितके ग्रॅम) आसपास ठेवलं तर आपल्या हवेत चालतं. काखेखालच्या पट्ट्यांना जाळीचं हलकं कापड लावा.

नमुन्याचा तुकडा हातात घेऊन दोन गोष्टी कराच. उजेडासमोर धरा आणि पाणी टाकून पुन्हा धरा. पावसात भिजलेली पांढरी जर्सी काय काय दाखवते ते गिऱ्हाइकाला आधी सांगितलेलं बरं. दुसरं, तुकडा दोन्ही हातांनी ताणा. या कापडाचा आतला भाग पांढरा राहतो, त्यामुळे गडद रंगाची जर्सी पोटावर किंवा दंडावर ताणली गेली की रंग फिका पडल्यासारखा दिसतो. तो छपाईचा दोष नसतो, साइझ लहान पडल्याची खूण असते.

झिपमध्ये काटकसर करू नका. झिप आणि तिचा रनर मिळून फार थोडे रुपये वाचतात, पण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. रनर जागच्या जागी लॉक होणारा हवा आणि वर हनुवटीशी झिपचं टोक झाकणारा कापडी तुकडा हवा.

छपाई कशी होते

जर्सीची छपाई सब्लिमेशन पद्धतीने होते. त्यात रंग आधी कागदावर उलटा छापतात. तो कागद कापडावर ठेवून साधारण २०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत दाबतात. शाईतला रंग वायू होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो आणि तिथेच बसतो. म्हणून तो धुऊन जात नाही, पापुद्रे निघत नाहीत, हाताला थर लागत नाही. सुती कापडावर हे जमत नाही.

यातून डिझाइनरने लक्षात ठेवायच्या गोष्टी निघतात. या छपाईत पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे कोरं कापड. नेहमीच्या चार शायांतून निऑन रंग मिळत नाही. स्क्रीनवर झगमगणारा पोपटी कापडावर शेवाळी होऊन येतो. हवाच असेल तर फ्लुरोसंट शाई असलेला छापखाना शोधा. काळ्या रंगावर डोळा ठेवा, मशीनची सेटिंग चुकली की तो हिरवट किंवा तपकिरी उतरतो. कागदावरचा रंग नेहमी मळकट दिसतो, तो पाहून घाबरू नका, खरा रंग तापल्यावर कळतो. म्हणून कारखान्याकडून पन्नास-साठ रंगांचा तक्ता त्याच कापडावर, त्याच मशीनवर छापून घ्या. रंग निवडताना मोबाइल बाजूला ठेवून हा तक्ता समोर ठेवायचा.

छापलेले तुकडे कापून मग शिवणारा कारखाना घ्या. काही जण तयार शिवलेल्या टीशर्टवर कागद ठेवून दाबतात, त्यात काखेत आणि शिवणीच्या घडीत पांढऱ्या रेघा राहतात. रात्री चमकणारे रिफ्लेक्टिव्ह पट्टे सब्लिमेशनने होत नाहीत, ते वेगळे लावावे लागतात. गडद कापडावर उष्णतेने पांढरा स्टिकर लावला तर खालचा रंग त्यात चढून तो गुलाबी किंवा निळसर होतो, हेही एकदा भोगून झालंय. बीआरएमवाल्यांना 'चमकणारी जर्सी आहे, जाकीट नको' असं चुकूनही सांगू नका. रात्री त्यांना वेगळं रिफ्लेक्टिव्ह जाकीट घालावंच लागतं.

डिझाइन: माणूस वाकलेला असतो

नवशिक्याचं डिझाइन लगेच ओळखू येतं, सगळी कलाकारी छातीवर असते. सायकलवर बसल्यावर छाती आणि पोट जमिनीकडे. रस्त्यावर दिसतात ते खांदे, दंड आणि पाठ. गटाचं नाव पाठीच्या वरच्या भागात घ्या. खालचा भाग तीन खिशांचा. ते भरले की त्यावरची अक्षरं फुगतात आणि वाकडी होतात. मागून येणाऱ्या ट्रकला दिसायला तिथे मोठा, उजळ, सपाट रंग हवा.

रंगाला कथा असली की जर्सी लक्षात राहते. टूर द फ्रान्समध्ये आघाडीवरच्या सायकलस्वाराला १९१९ पासून पिवळी जर्सी मिळते, कारण शर्यत भरवणारं वृत्तपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं. इटलीतली गुलाबी जर्सीही १९३१ मध्ये अशीच गुलाबी कागदाच्या वृत्तपत्रावरून आली. आपल्याकडेही असं पुष्कळ सापडतं. नाशिकच्या गटासाठी कसारा घाटाच्या चढाची रेघ, पुण्याच्या गटासाठी सिंहगडाची. चढाची खरी रेघ गटातल्या कोणाच्याही सायकल कॉम्प्युटरमधून मिळते आणि ज्यांनी तो घाट चढलाय ते ती लगेच ओळखतात.

श्रद्धेच्या चित्रांचं मात्र सांभाळून. वारीच्या एका जर्सीवर आम्ही विठ्ठल पाठीवर मधोमध घेतला. दिसत सुंदर होता, पण पाऊल नेमकं खिशावर आलं. त्यात लोक केळ्याची सालं कोंबणार, जर्सी घामाने भिजणार, शेवटी बादलीत पडणार. एका ज्येष्ठ वारकऱ्यांनी शांतपणे विचारलं, 'माउली, पांडुरंगाला कुठं बसवलंत?' ते चित्र काढून टाकलं आणि खांद्यावर टाळ आणि वीणा घेतली. राजमुद्रा आणि महाराजांच्या चित्राबाबतही हेच. किल्ल्याची बाह्यरेषा घ्या, कोणाचं मन दुखत नाही.

प्रायोजक येतात तेव्हा जर्सीचा फ्लेक्स व्हायला वेळ लागत नाही. दंतवैद्य, बिल्डर, मिसळवाले, आणि एखादे 'दादा' ज्यांना स्वतःचा फोटो हवा असतो. आधीच पाच जागा ठरवा: छातीची डावी-उजवी बाजू, दोन दंड, पाठीचा मधला भाग. प्रत्येक जागेचा आकार सेंटिमीटरमध्ये लिहून गटप्रमुखाला द्या, म्हणजे 'नाही' तुम्हाला म्हणावं लागत नाही. लोगो व्हेक्टर फाइलमध्येच मागा, म्हणजे कितीही मोठा केला तरी फाटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो छापला तर अक्षरांच्या कडा करवतीसारख्या येतात.

परदेशी संघांच्या जर्सी उचलून नाव बदलून विकणारे आहेत. करू नका. लोगो आणि नावं नोंदलेली असतात. एखाद्या राइडच्या आयोजकांचं चिन्ह वापरायचं तरी आधी लेखी परवानगी घ्या.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. बहुतेक छापखाने कोरलड्रॉवर काम करतात. इंकस्केप फुकट आहे आणि पुरतं. कारखान्याकडून त्यांचा पॅटर्न मागून घ्या (पुढचे दोन भाग, पाठ, बाह्या, कॉलर, खिसे) आणि त्यावरच डिझाइन बसवा. शिवणीबाहेर थोडा रंग सोडा आणि अक्षरं शिवणीपासून लांब ठेवा. बाजूच्या शिवणीवर पट्टे जुळवायचा हट्ट नको, प्रत्येक साइझमध्ये ते वेगळे सरकतात.

देवनागरी छापायची तर

हा विषय वेगळा काढला, कारण इथे हमखास चूक होते. मराठी अक्षरं असलेली फाइल तशीच पाठवली की समोरच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसतो आणि 'सह्याद्री'चा 'सह् याद् री' होतो, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. तिरुपूर किंवा लुधियानाच्या कारखान्यातल्या ऑपरेटरला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे त्याला चूक दिसतही नाही. तो इमानदारीने तसंच छापतो. पाठवण्याआधी सगळी अक्षरं कर्व्हमध्ये बदला (म्हणजे अक्षरांच्या रेषा होतात, फाँट लागत नाही), मगच फाइल बाहेर जाऊ द्या. कारखान्याने केलेली अंतिम मांडणी परत मागवून जोडाक्षरं, रफार, अनुस्वार दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

छातीवर मोठं नाव घेतलं तर झिप शिरोरेषा कापते आणि शिवताना दोन्ही बाजू एक-दोन मिलिमीटर वर-खाली होतातच. रोमन अक्षरांत ते खपून जातं, शिरोरेषेत ती पायरी लांबून दिसते. नाव एका बाजूला घ्या.

कारखाना आणि सॅम्पल

तिरुपूर, लुधियाना, जालंधर, मेरठ इथे मोठी केंद्रं आहेत. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतही छोटे सब्लिमेशनवाले आहेत. पहिली ऑर्डर शक्यतो तासाभराच्या अंतरावरच्या युनिटला द्या, दर थोडा चढा असला तरी. कटिंग मास्टरच्या शेजारी उभं राहून जे कळतं ते फोनवर कळत नाही. विचारायचे प्रश्न थोडेच: कमीत कमी किती नग, शिवण फ्लॅटलॉक (सपाट, न टोचणारी) की साधं ओव्हरलॉक, खाली सिलिकॉनचा ग्रिपर (जर्सी वर सरकू न देणारी पट्टी) आहे का, बायकांसाठी वेगळा पॅटर्न आहे का. पुरुषांची एस साइझ बायकांना देणं हा पॅटर्न नव्हे.

सॅम्पल शिवल्याशिवाय ऑर्डर लावू नका. ते स्वतः घालून खिसे भरून चार तास चालवा. मग धुवा, पांढऱ्या रुमालाबरोबर.

दिवसांचा हिशेब मी असा धरतो: डिझाइन आणि मंजुरीला दहा दिवस, सॅम्पलला दहा, मालाला वीस, आणि वर आठ दिवस राखीव. म्हणजे आषाढी वारीची जर्सी हवी तर अक्षय्य तृतीयेपर्यंत यादी बंद. पोंगलच्या सुमारास तिरुपूर ओस पडतं, होळी आणि छठपूजेला उत्तरेकडचे कारागीर गावी जातात. त्या काळात 'कल हो जाएगा' ऐकलं तर पंधरा दिवस धरा.

साइझची यादी

आता मूळ मुद्दा. सायकलिंग जर्सी अंगासरशी असते. रोज एल टीशर्ट घालणाऱ्याला एक्सएल लागू शकते, आणि ज्याचं पोट सुटलंय त्याला छातीच्या मापावर दिलेली जर्सी झिपच्या तळाशी अडते. कारखान्याचा साइझचार्ट छातीचा असतो, आपली माणसं पोटावर अडतात. म्हणून फॉर्ममध्ये छाती आणि पोट दोन्ही मापं इंचात मागा, उंचीही. पुरुषांना पोटाचं माप विचारलं की ते पँटची कंबर सांगतात. 'बेंबीवरून टेप' असं स्पष्ट लिहा.

सगळ्यात खात्रीचा उपाय साइझ सेटचा. एक्सएस ते चार एक्सएल अशा कोऱ्या जर्सी एकदाच शिवून घ्या, पिशवीत घाला आणि रविवारच्या राइडनंतर चहाच्या टपरीवर न्या. लोक घामाघूम असतात, तेव्हा आत घालायला दोन-चार पातळ बनियन बरोबर ठेवा. घातल्यावर हात पुढे करून, हँडल धरल्यासारखं वाकायला लावा. उभं राहून आरशासमोर पाहिलं तर प्रत्येकाला ती घट्टच वाटते आणि प्रत्येकजण एक साइझ मोठी मागतो. त्याने साइझ नक्की केली की तिथेच फॉर्म भरून घ्या, घरी गेल्यावर बायको सांगते ती साइझ वेगळी असते.

फॉर्म गूगल फॉर्मसारखा एकच, ग्रुपवरचे मेसेज मोजायचे नाहीत. त्यात नाव, पुरुष की स्त्री पॅटर्न, साइझ, मापं, छापायचं नाव जसंच्या तसं, रक्तगट, पैसे भरल्याचा क्रमांक. रक्तगट छापायची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती चांगली आहे. घरच्यांचा फोन नंबर मात्र पाठीवर मिरवू नका, खिशाच्या आतल्या बाजूला छापा. बायकांच्या जर्सीला तर नक्कीच.

पैसे आले नाहीत त्या नावाची जर्सी कापायची नाही. मग तो गटाचा अध्यक्ष का असेना.

यादी बंद झाली की संपूर्ण तक्ता आणि डिझाइनची अंतिम फाइल ग्रुपवर टाका, दोन दिवस द्या, आणि एकाच ठरलेल्या माणसाकडून 'मंजूर' असं लेखी घ्या. त्यानंतरच्या बदलाला पैसे लागतील हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असावं. कारखान्याला यादी देताना प्रत्येक ओळीला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक जर्सीच्या आतल्या लेबलवर घ्या. 'अमोल' नावाचे तीन जण कुठल्याही गटात असतात.

पैशांचा हिशेब

चाळीस जर्सींची एक मांडणी देतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या कारखान्याचे दर घालून बघा. कारखान्याचं बिल नगाला ६५० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी ३३. दोन सॅम्पलचे २४०० रुपये चाळिसांत वाटले की ६०. मालाची वाहतूक २०, पॅकिंग आणि टॅग २०, घरोघरी कुरियर ७०, पेमेंट गेटवे २३. आणि लोक विसरतात तो आकडा: चाळिसात दोन जर्सी पुन्हा करून द्याव्या लागतील असं धरा, त्याचे नगाला ३४. एकूण ९१०. जर्सी ११५० ला विकली तर नगामागे २४० राहतात, ऑर्डरमागे ९६००. डिझाइन, फोन, फॉर्म, वाटप यात तीस तास जातात, म्हणजे तासाला ३२० रुपये. कुरियरऐवजी रविवारी चौकातच वाटप केलं तर २८०० आणखी वाचतात. म्हणून मी जवळच्या गटांवर इतका जोर देतो.

निम्मे पैसे आगाऊ वगैरे भानगड ठेवू नका. वैयक्तिक ऑर्डरला पूर्ण पैसे आधी. फक्त कंपनीच्या ऑर्डरला अर्धे आगाऊ, अर्धे माल दिल्यावर.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर ती त्याची स्वतःची मजुरी. महाराष्ट्रात थोडीच माणसं कामाला असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडा.

जीएसटीत एक खड्डा आहे. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे, पण ती राज्यातल्या विक्रीपुरती. बेंगळुरूच्या किंवा पणजीच्या एका माणसाला एक जर्सी बिल करून पाठवली की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. वरचा हिशेब नोंदणी नसलेल्याचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांवर नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. जर्सी आणि शॉर्ट असा महाग जोड विकायचा विचार असेल तर सीएशी बोलून घ्या. पॅडवाल्या शॉर्टच्या वाट्याला पहिलं वर्षभर जाऊच नका. जर्सी सैल झाली तर माणूस कुरकुरतो, पॅड चुकलं तर त्याला बसता येत नाही.

माल आल्यावर

गठ्ठा तसाच पुढे देऊ नका. प्रत्येक जर्सी उघडा, क्रमांक ताडून पाहा, झिप दोनदा वर-खाली करा. छातीचं माप टेपने घ्या, एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं, तीन नाही. दर दहातल्या एका जर्सीच्या खिशात पाण्याची भरलेली बाटली ठेवून झटका द्या, खिशाचे कोपरे तिथेच उसवतात. बरोबर एक चिठ्ठी घाला: झिप लावून उलटी करून धुवा, साधं पाणी, फॅब्रिक सॉफ्टनर नको, ब्लीच नको, ग्रिपरवर इस्त्री नको, सावलीत वाळवा.

स्वतःची डिझाइनं ऑनलाइन विकायची तर

दोन-तीन गटांचं काम झालं की स्वतःचं डिझाइन काढून इन्स्टाग्रामवर विकावंसं वाटतं. विका, पण साठा करू नका. एम आणि एल संपतात, एक्सएस आणि चार एक्सएल कपाटात वर्षानुवर्षं राहतात. दहा दिवस ऑर्डर घ्या, बंद करा, तेवढ्याच शिवा, कधी मिळेल ती तारीख आधी सांगा. फोटो सायकलवर वाकलेल्या माणसाचे काढा. उभ्या माणसाच्या अंगावर या जर्सीला पुढे चुण्या पडतात, कारण ती पुढे आखूड आणि मागे लांब बेतलेली असते.

आणि प्रत्येक ऑर्डरची फाइल, रंगतक्त्यातले क्रमांक, कापडाचा तुकडा आणि एक जास्तीची जर्सी जपून ठेवा. वर्षभराने तोच गट 'नवीन आठ जण आलेत, सेम जर्सी हवी' म्हणून फोन करतो. तोपर्यंत कारखान्याने शाई बदललेली असते, आणि जुन्या-नव्या जर्सी शेजारी-शेजारी चालायला लागल्या की निळ्यातला फरक पहिल्याच सिग्नलला दिसतो. जुनी जर्सी समोर ठेवून एक पट्टी छापून घ्या, मगच आठ नग लावा.